संकेतस्थळांचा साचा आणि लिपीचे स्वत्व

भाषेच्या अस्मितेची चर्चा आपल्याकडे मुबलक होते. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, राज्यकारभार मराठीत चालावा, मराठी शाळा टिकाव्यात, या मागण्या रास्तच आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजात आनंद व्यक्त झाला. तोही स्वाभाविकच होता. परंतु आजचा तरुण दिवसातून अनेकवार जेथे मराठी वाचतो, त्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मराठीचे रूप कसे आहे, याकडे मात्र या चर्चेत फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाटी इंग्रजीत असली तर आंदोलन होते. पडद्यावर मराठी शब्दाची वेलांटी अर्धी कापली गेली, तर कोणाला त्याची खंतही वाटत नाही.

संकेतस्थळाची मांडणी ही काही केवळ तंत्रज्ञांच्या कोपऱ्यातील बाब राहिलेली नाही. वृत्तपत्र, बँक, रेल्वेचे आरक्षण, शासकीय योजनेचा अर्ज, देवस्थानाच्या दर्शनाची नोंदणी असे सारे व्यवहार आज या मांडणीतूनच समाजापर्यंत पोहोचतात. म्हणून ही मांडणी कोणाच्या विचारातून घडते आणि कोणत्या लिपीला प्रमाण मानून घडते, हा प्रश्न समाजाने विचारावयास हवा.

लाटांमागून लाटा

वेशभूषेप्रमाणे संकेतस्थळांच्या रूपातही लाटा येतात. १९९० च्या दशकात लुकलुकणारी चित्रे आणि रंगीबेरंगी चौकटी यांची चलती होती. पुढे 'फ्लॅश'ची हलती-बोलती मुखपृष्ठे आली. ते तंत्र २०२० च्या अखेरीस अधिकृतपणे मोडीत निघाले. २०१० साली ईथन मार्कोट या संरचनाकाराने पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना मांडली आणि भ्रमणध्वनीच्या युगात तीच रूढ झाली. २०१३ साली 'ॲपल'ने आपल्या 'आयओएस ७' प्रणालीत उठाव आणि सावल्या काढून टाकून सपाट पृष्ठभाग व सडपातळ अक्षरे आणली. २०१४ साली 'गूगल'ने 'मटेरियल डिझाइन' या नावाने स्वतःचे नियम प्रसिद्ध केले. अलीकडे काळ्या पार्श्वभूमीवर उजळ अक्षरांची आवड वाढली आहे.

या बहुतेक लाटांच्या तळाशी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वित्झर्लंडमध्ये बहरलेली मांडणीची विचारसरणी आहे. आडव्या-उभ्या रेषांची काटेकोर जाळी, भरपूर मोकळी जागा आणि अलंकारविरहित अक्षरे ही तिची लक्षणे होत. या विचारसरणीत स्वतःचा असा दोष काही नाही. तिच्यातील शिस्त आणि साधेपणा अनुकरणीयही आहे. मात्र तिचा जन्म रोमन लिपीच्या अंगणात झाला, हे विसरून चालणार नाही. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात. त्यांना शिरोरेषा नाही, वर मात्रा-वेलांटी नाही, खाली उकार नाही, जोडाक्षरांचा पसारा नाही. देवनागरीत हे सारे आहे. एका लिपीच्या अंगाचे माप घेऊन शिवलेला अंगरखा दुसऱ्या लिपीला जसाच्या तसा चढविला, तर तो कोठेतरी उसवणारच.

कोठे काय उसवते?

याची उदाहरणे रोज डोळ्यांसमोर असतात. 'बूटस्ट्रॅप' हा २०११ साली आलेला आणि जगभर वापरला जाणारा तयार साचा आहे. त्यात मथळ्यासाठी ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट धरलेली आहे. रोमन मथळ्याला ती पुरते. मराठीत 'कर्तृत्व' किंवा 'स्फूर्ती' हे शब्द घेतले, तर वर रफार व वेलांटी आणि खाली ऋकार किंवा ऊकार अशी दोन्हीकडे जागा लागते. मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. मथळ्याची चौकट बंदिस्त असली, तर ते सरळ कापलेच जातात.

दुसरे उदाहरण अक्षरांमधील अंतराचे. रोमन मथळे मोठ्या लिपीत, अक्षरे विरळ करून मांडण्याची पद्धत आहे. तीच आज्ञा मराठी मथळ्याला लागू झाली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिसरे उदाहरण मजकूर छाटण्याचे. बातमीचा सारांश ठराविक अक्षरसंख्येवर तोडणारी आज्ञा रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असते. ती जोडाक्षराच्या मधोमध सुरी चालविते आणि ओळीच्या शेवटी नुसता हलन्त व्यंजनाचा तुकडा लोंबत राहतो. मराठी नावांच्या यादीत क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी न येता क आणि ज यांच्या पोटात येतात, ळ भलतीकडेच जातो, हेही याच बेपर्वाईचे फळ.

त्याहून सूक्ष्म बाब मराठीच्या स्वतःच्या अक्षररूपांची. मराठीतील पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे हिंदीतील रूढ रूपांहून वेगळी आहेत. अनेक चांगल्या फाँटांत दोन्ही रूपे अंतर्भूत असतात. संकेतस्थळाच्या पानाला 'ही भाषा मराठी' अशी दोन अक्षरांची सांकेतिक खूण दिली, तर योग्य रूप आपोआप उमटते. पण आयात केलेल्या साच्यात ती खूण इंग्रजीची असते आणि ती बदलण्याचे कोणाला सुचत नाही. त्यामुळे लिपीच चुकीची उमटते असे नव्हे, तर दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखविणारी प्रणालीही मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचू लागते किंवा मुकी होते.

'हा सारा कलाकुसरीचा बारकावा झाला, सामान्य माणसाला मजकूर मिळाला की पुरे', असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो टिकणारा नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतील भेद केवळ एका वेलांटीवर, एका उकारावर उभा आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, आणि ते अंतर राखणारा मराठीचा खास 'र' काही प्रणाली मुकाट्याने गाळून टाकतात. वयोवृद्ध वाचक, नुकतेच अक्षरओळख झालेले मूल आणि स्वस्त भ्रमणध्वनीवर योजनेचा अर्ज वाचणारा शेतकरी यांनाच या बेपर्वाईची झळ सर्वाधिक पोहोचते. सुशिक्षित शहरी माणूस वैतागून इंग्रजी पानाकडे वळतो. ज्याला ती वाट नाही, त्याच्यावरच अन्याय होतो.

पूर्वसूरींनी काय केले?

आज हे घडते, ते आपल्याकडे परंपरा नव्हती म्हणून नव्हे. परकीयांकडून तंत्र घेऊन ते आपल्या लिपीला साजेसे घडविण्याची परंपरा मराठी माणसाला दोन शतकांची आहे. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातील काम गणपत कृष्णाजी यांनी डोळसपणे न्याहाळले आणि १८३१ साली स्वतःचा छापखाना उभा केला. यंत्र, शाई, खिळे यांसाठी त्यांनी स्वतः खटपट केली. मिशनऱ्यांचे तंत्र त्यांनी घेतले. पण त्यांच्या छापखान्यातून हिंदू समाजाला हवी असलेली पंचांगे आणि ग्रंथ बाहेर पडले. जावजी दादाजी यांची वाटचालही अशीच. तेही मिशनच्या छापखान्यात शिकले आणि १८६९ साली त्यांनी 'निर्णयसागर' छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून उतरलेल्या निर्णयसागरी खिळ्यांचे सौंदर्य आजही जाणकारांना मोहविते. देशभरातील संस्कृत ग्रंथांना सुबक, शुद्ध देवनागरी रूप मिळाले, ते या कारखान्यातून.

विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याच्या कामात जातीने लक्ष घातले. डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या व्यासपीठावरून त्यांनी देवनागरीला अवघ्या देशाची समान लिपी म्हणून पुढे आणण्याचा विचार मांडला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात, म्हणजे १९२४ ते १९३७ या वर्षांत, भाषाशुद्धीबरोबर लिपिशुद्धीचीही चळवळ चालविली. 'अ'च्या बाराखडीचा त्यांचा आग्रह याच हेतूने होता: नागरी लिपी मुद्रणयंत्राला आणि टंकलेखन यंत्राला सुकर व्हावी, यंत्रयुगात ती मागे पडू नये.

या थोर पुरुषांच्या सर्वच सूचना समाजाने स्वीकारल्या नाहीत. परंतु त्यांची भूमिका ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळचे यंत्र जड होते. शेकडो खिळे, शेकडो घरे आणि ते जुळविणाऱ्या कंपोझिटरचे कष्ट यांमुळे लिपीला थोडी मुरड घालणे त्यांना प्राप्तच होते. लिपी जगावी म्हणून त्यांनी तिला वाकविण्याची तयारी दाखविली.

अडचण आता यंत्राची नाही

आजची परिस्थिती नेमकी उलटी आहे. यंत्र आता लिपीपुढे वाकावयास तयार आहे आणि आपणच मागावयास तयार नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या शासकीय संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापराचा पाया भक्कम केला. 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक ठरली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीचा आधार 'इस्की'चाच होता. पुढे 'विंडोज २०००' बरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट घरोघर पोहोचला. तो घडविला प्रा. र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने. म्हणजे जगाच्या संगणकांवर देवनागरी उमटविण्याच्या कामात भारतीय मानक आणि मराठी हात दोन्ही होते. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया उभा राहिला, तो याच युनिकोडच्या बळावर.

तरीही कित्येक मराठी संस्थांनी पुढे वर्षानुवर्षे जुन्या फाँटांत काम चालू ठेवले. त्या फाँटांनी मराठीची संगणकीय छपाई सुलभ केली, हे ऋण मान्य करावयास हवे. पण त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचा केवळ मुखवटा चढविलेला असे. मुखवटा निघाला की खाली निरर्थक रोमन अक्षरे उरत. त्या काळातील अनेक मराठी संकेतस्थळे केवळ 'इंटरनेट एक्स्प्लोरर' या न्याहाळकातच वाचता येत. जून २०२२ मध्ये तो न्याहाळकही निवृत्त झाला. या साऱ्यात त्या वर्षांतील मराठी लेखनाचा मोठा भाग महाजालाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसल्यासारखा झाला. शोधयंत्राला तो सापडत नाही, नव्या पिढीला तो उघडता येत नाही. आजही अनेक संस्था आपले अंक आणि पत्रके नुसत्या चित्राच्या रूपात चढवून मोकळ्या होतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने महाजालावरील मजकुरावर पोसली जात आहेत. ज्या समाजाचा मजकूर चित्रांत आणि मृत फाँटांत कोंडलेला राहील, त्याचे विचार, त्याचा इतिहास आणि त्याची श्रद्धास्थाने यांविषयी ही साधने इतरांनी लिहिलेल्या मजकुरावर विसंबून उत्तरे देतील. त्याबद्दल नंतर संताप व्यक्त करून काय उपयोग?

प्रेरणा कोणाकडून घ्यावी?

प्रेरणा घ्यावयाची तर ती जपानकडून घेण्याजोगी आहे. जपानी मजकूर परंपरेने वरून खाली, उभ्या ओळींत लिहिला जातो. महाजालाची मूळ घडण आडव्या ओळींची. जपानी तज्ज्ञांनी आपली लिपी आडवी करून प्रश्न मिटविला नाही. आपल्या मुद्रणपरंपरेतील मांडणीचे नियम त्यांनी बारकाईने लिहून काढले आणि २००९ साली महाजालाची मानके ठरविणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम'तर्फे ते प्रसिद्ध झाले. आज उभ्या लेखनाची सोय महाजालाच्या मानकांतच समाविष्ट आहे. भारतीय लिप्यांसाठीही असा दस्तऐवज हाती घेण्यात आला. पण त्यामागे जपानी समाजासारखी चिकाटी आणि सामूहिक इच्छाशक्ती उभी राहिलेली दिसत नाही. वास्तविक मराठी, हिंदी, संस्कृत, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी एवढ्या भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेलेच ८ कोटी ३० लाख आहेत. मराठीसाठी केलेले काम पुण्यात झाले तरी त्याचा लाभ जम्मूच्या डोगरी वाचकाला आणि आसामच्या बोडो विद्यार्थ्याला मिळेल. राष्ट्रीय एकात्मतेचे याहून सहज साधन दुसरे कोणते?

आपल्या घरातही स्फूर्ती देणारी उदाहरणे आहेत. 'पॉपिन्स' हा फाँट आज जगभरातील असंख्य संकेतस्थळांवर दिसतो. तो 'इंडियन टाइप फाउंड्री' या भारतीय संस्थेतून २०१४ साली बाहेर पडला. त्याची देवनागरी अक्षरे निनाद काळे यांनी घडविली. या फाँटात रोमन मोठी अक्षरे देवनागरी अक्षरांहून आखूड ठेवलेली आहेत. दोन्ही लिप्या शेजारी आल्या तरी देवनागरी खुजी दिसत नाही. पाश्चात्त्य संरचनाकार तो केवळ सुबक रोमन फाँट म्हणून वापरतात, पण त्याच्या कुशीत देवनागरी आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू' हा फाँटसमूह त्याहून बोलका आहे. नऊ भारतीय लिप्यांत तो उपलब्ध आहे आणि लिपीगणिक त्याची नावे 'बलू भाई', 'बलू दा', 'बलू तम्बी', 'बलू चेट्टन' अशी आहेत. गुजराती, बंगाली, तमिळ, मल्याळम या भाषांत भावाला जे म्हणतात, तेच त्या लिपीतील फाँटाचे नाव. एकाच कुटुंबातील भावंडे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, अंगकाठी एक. भारताच्या एकतेचे प्रतिपादन करणाऱ्या शंभर भाषणांचे काम हा फाँटसमूह न बोलता करतो.

यातही एक टोचणी आहे. हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत आणि त्यांचा प्रसार मुख्यतः झाला तो 'गूगल' या परदेशी कंपनीच्या विनामूल्य फाँटसंग्रहातून. आपली देवस्थाने, साहित्यसंस्था, विद्यापीठे आणि उद्योगसमूह यांना या कामाला राजाश्रय देण्याचे का सुचू नये? एके काळी पोथ्या लिहून घेणे हे पुण्यकर्म मानले जाई. सुंदर, शुद्ध आणि सर्वांना मुक्तपणे वापरता येणारा मराठी फाँट घडवून घेणे हे आजच्या काळातील तसेच कार्य होय.

आरंभ स्वतःपासून

परदेशी साच्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही, कारण ते साचे वापरणारे हात आपलेच आहेत. पुण्याच्या हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत हजारो भारतीय अभियंते जगाची संकेतस्थळे घडवितात. त्यांना जर्मन ग्राहकाच्या लांब शब्दांची आणि अरबी ग्राहकाच्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळींची काळजी घेता येते. मराठीची काळजी ते घेत नाहीत, कारण ती घ्यावी असे सांगणारा ग्राहकच भेटत नाही. ज्ञानाची उणीव सहज भरून काढता येते. आग्रहाची उणीव समाजालाच भरून काढावी लागते.

म्हणून सामाजिक संस्था, शाळा, सहकारी बँका, देवस्थाने आणि नियतकालिके यांनी प्रथम आपापल्या संकेतस्थळाची कसोटी घ्यावी. मजकूर युनिकोडमध्ये आहे की चित्रात? पानावर मराठी भाषेची खूण आहे की इंग्रजीची? दोन ओळींच्या मथळ्यात 'कर्तृत्व' हा शब्द अखंड उमटतो का? 'आचाऱ्यांना' शोधले असता तेच सापडते का? सभासदांची यादी मराठी वर्णमालेनुसार लागते का? संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीतही आहे का? '.भारत' ही देवनागरी पत्त्यांची सोय २०१४ पासून उपलब्ध असताना ती वापरणाऱ्या संस्था शोधाव्या लागतात. ही तपासणी करण्यास एक दुपार पुरते. दोष दूर करण्यास बहुधा एखादा आठवडा. जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र मोठे आहे. ते निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि संगणक क्षेत्रातील कार्यकर्ते यांनी मिळून, सेवाकार्य म्हणूनच अंगावर घ्यावयास हवे.

नवे संकेतस्थळ करवून घेताना मागणीच वेगळी करावी. आधी मराठी पान आखावे. ओळीची उंची, अक्षराची जाडी, रिकाम्या जागा देवनागरीच्या मापाने ठरवाव्यात आणि मग त्या मांडणीत इंग्रजी बसवावी. जे माप देवनागरीला पुरते, ते रोमनला सहज पुरते. उलट घडत नाही. जगातील नव्या लाटा, नवे तंत्र, नवी दृष्टी यांचे स्वागत अवश्य करावे. गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी तेच केले होते. त्यांनी परक्यांचे यंत्र घेतले आणि खिळे आपले ओतले. आज खिळे ओतण्याचे कष्ट उरलेले नाहीत. उरला आहे तो एक आग्रह, आणि तो धरण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम सर्वत्र होतात. येत्या वर्षी हार-तुऱ्यांबरोबर प्रत्येक संस्थेने आपल्या संकेतस्थळाचे एक पान जरी शुद्ध, अखंड मराठीत उभे केले, तर तो गौरव अधिक खरा ठरेल.